मत महाडचे, अर्थ दिल्लीचा

(संविधान दिनानिमित्त २६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाड येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी राजकारणी नाही. पोलादपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मास्तरकी केली आणि निवृत्त झालो. निवडणुकीशी माझा संबंध आला तो मतदान केंद्राध्यक्ष म्हणून. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचे, पूर्वी मतपेट्या होत्या, पुढे यंत्रे आली, ते सगळे घेऊन एखाद्या वाडीवर जायचे, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचे आणि पहाटे उठून केंद्र मांडायचे. अशाच एका वाडीवर एक म्हातारी मत देऊन झाल्यावर माझ्या टेबलापाशी थांबली आणि म्हणाली, "मास्तर, ह्ये मत जातं कुठं?" मी म्हटले, "आजी, आधी तालुक्याला जातं. तिथं मोजतात." ती म्हणाली, "आन् मग?"

मागे रांग होती. मी तिला काहीतरी सांगून वाटेला लावले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे. आपण इथे महाडात, पोलादपुरात मत देतो, ते मग जाते कुठे?

येत्या २ डिसेंबरला महाड नगरपरिषदेचे मतदान आहे. नगराध्यक्ष आपण थेट निवडणार आहोत, शिवाय आपापल्या प्रभागातले सदस्य. पोलादपूर नगरपंचायतीचे मतदान डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ असे दोन टप्प्यांत झाले होते. गावागावांतले लोक जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुकीची वाट पाहत आहेत. निकाल लागला की टीव्हीवर काय ऐकू येईल, ते मी आजच सांगतो. अमुक पक्षाला धक्का, तमुक नेत्याची पकड घट्ट, दिल्लीला इशारा, ही पुढची सेमीफायनल होती. महाडच्या गटारांचे काय, हे कोणी विचारणार नाही.

यावर चिडणे सोपे आहे. पण आधी एक गोष्ट मान्य करू. प्रांताच्या, जिल्ह्याच्या निवडणुकीतून दिल्ली अर्थ काढते, यात खोटे काही नाही. आपल्या याच भागाने ते पूर्वी सिद्ध केले आहे.

आपल्या तालुक्यात रायगडाच्या वाटेवर नाते गाव आहे. चिंतामणराव देशमुख तिथले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते आपल्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असे दिसले, तेव्हा १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. नोव्हेंबर १९५६ मध्ये गुजरात, विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई मिळून द्विभाषिक राज्य झाले. लगेच १९५७ ची निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्र समितीने ती एकाच प्रश्नावर लढवली. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांनी तो प्रश्न डफावर गावोगाव नेला. विधानसभेच्या ३९६ जागांपैकी २३४ काँग्रेसला मिळाल्या, म्हणजे सरकार तगले. पण ते कशाच्या बळावर तगले? गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या. मुंबई, पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण इथे समितीने काँग्रेसची धूळधाण केली. आपल्या कुलाब्यातून लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत गेले.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला पंडित नेहरू आले. समितीने निदर्शने जाहीर केली होती. एका बाजूला वाईजवळ पसरणी घाटात आणि दुसऱ्या बाजूला आपल्या पोलादपूरला माणसांचा पूर लोटला. माझे वडील महाडहून पोलादपूरपर्यंत चालत गेले होते. ते सांगायचे, "आम्ही दगड उचलला नाही. नुसते उभे राहिलो." मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीही संयम राखला, संघर्ष टळला. नुसते उभे राहिलेले ते लोक आणि त्याआधी त्यांनी दिलेली मते, दोन्ही मिळून दिल्लीला जे कळायचे ते कळले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला.

यातून मला एक गोष्ट दिसते. १९५७ मध्ये दिल्लीने आपल्या मताचा जो अर्थ घेतला, तोच अर्थ आपण त्या मतात घातला होता. मत देणारा आणि मत वाचणारा यांच्यात गैरसमज नव्हता. असे नेहमी होत नाही.

आता अलीकडचे पाहा. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली. शिंदे गटाने आपले महाडचे आमदार भरत गोगावले यांना प्रतोद नेमले आणि विधानसभा अध्यक्षांनी त्या नेमणुकीला मान्यता दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेले. ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की प्रतोद नेमण्याचा अधिकार मूळ राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, म्हणून ही मान्यता कायद्याला धरून नव्हती. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी शिंदे गट हाच खरा शिवसेना पक्ष ठरवला आणि गोगावले यांचे प्रतोदपद वैध धरले. कोण बरोबर, कोण चूक, यात मी आज जात नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की २०१९ मध्ये महाडच्या मतदाराने बटण दाबले तेव्हा आपल्या मतातून पक्षांतरबंदी कायद्याचा अर्थ ठरेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. आज देशभरातले कायद्याचे विद्यार्थी तो निकाल वाचतात आणि त्यात महाडच्या आमदाराचे नाव येते.

हिशोबही पाहा. राज्यसभेवर महाराष्ट्रातून १९ खासदार जातात, ते आपले आमदार निवडतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे, खासदाराच्या मताचे २०२२ मध्ये ७०० होते. म्हणजे महाड मतदारसंघ राष्ट्रपतीही निवडतो. आणखी खाली या. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जागांसाठी मत देतात. गल्लीतल्या मताची ही शिडी थेट वरपर्यंत जाते.

२०२४ च्या लोकसभेला अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला सगळ्या महाराष्ट्रात एकच जागा मिळाली, ती आपल्या रायगडची. त्या एका जागेवर एका पक्षाची दिल्लीतली पत टिकली. त्याच निवडणुकीत महायुतीला ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. त्या धक्क्यानंतर काही आठवड्यांत लाडकी बहीण योजना आली, महिना १,५०० रुपये. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला त्याच युतीला २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. सहा महिन्यांत केवढा फरक! मतदाराने वरच्या निवडणुकीत नाराजी दाखवली आणि राज्याच्या तिजोरीचे दार उघडले. आपल्या घरातल्या बायकांच्या खात्यात आलेले ते पैसे म्हणजे, एका अर्थाने, त्या आधीच्या मताचे उत्तर होते.

आणि जानेवारी २०२५ आठवा. रायगडचे पालकमंत्री जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्या नेमणुकीला स्थगिती मिळाली. मुंबईत एका मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसणारे पक्ष रायगडात एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. म्हणजे दिल्ली-मुंबईचे राजकारण जसे खाली येते, तसे खालचे राजकारणही वर जाते.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. इटली देशाचे उदाहरण सांगतो. तिथे आपल्या राज्यांसारखे प्रांत आहेत आणि त्यांच्या वेगळ्या निवडणुका होतात. २००० मध्ये प्रांतांच्या निवडणुकीत आघाडी हरली, तर पंतप्रधान दालेमा यांनी राजीनामा दिला. २००५ मध्ये १४ प्रांतांपैकी १२ विरोधकांनी घेतले, तर बर्लुस्कोनी यांना राजीनामा देऊन नवे मंत्रिमंडळ बनवावे लागले. दोन्ही वेळा लोकांनी प्रांताचे सरकार निवडले होते, देशाचे नाही. तरी देशाचे सरकार हलले.

पण मला सांगायची गोष्ट २०२० ची आहे. एमिलिया-रोमान्या नावाचा प्रांत. बोलोन्या हे त्याचे मुख्य शहर. प्रांतांच्या निवडणुका सुरू झाल्या १९७० पासून, तेव्हापासून तिथे डाव्यांची सत्ता. साल्विनी नावाच्या नेत्याने ठरवले की हा गड पाडायचा, म्हणजे रोमचे सरकार आपोआप पडेल. प्रांताच्या निवडणुकीत देशाचा प्रश्न घातला, आणि प्रश्न कोणता? परदेशातून आलेले लोक. मतदानाला काही दिवस उरले असताना हा नेता कॅमेरे घेऊन बोलोन्यातल्या एका वस्तीत गेला आणि ट्युनिशियातून आलेल्या एका कुटुंबाच्या दाराची घंटी वाजवून विचारू लागला, इथे अंमली पदार्थ विकणारा राहतो का? सगळ्या देशाने ते पाहिले. भावांनो, त्या दाराआडच्या माणसांना काय वाटले असेल, हे तुम्हाला-मला समजावून सांगायची गरज नाही.

त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, बोलोन्याच्या चौकात हजारो माणसे जमली होती. कोणत्याही पक्षाचा झेंडा नाही. दाटीवाटीने उभे राहिले म्हणून त्यांनी स्वतःला सार्डिन म्हणवले. सार्डिन म्हणजे आपली तारली. त्यांनी लोकांना एवढेच सांगितले, घरी बसू नका. २०१४ मध्ये त्या प्रांतात मतदान झाले होते सुमारे ३८ टक्के, २०२० मध्ये झाले जवळपास ६८ टक्के. गड पडला नाही आणि रोमचे सरकारही तगले.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्या जगाच्या वर्तमानपत्रांत आली. पुढची मला जास्त महत्त्वाची वाटते. मतदान झाले २६ जानेवारीला. महिनाही उलटला नाही तोच शेजारच्या लोंबार्दीत करोना सापडला आणि पाठोपाठ या प्रांतातल्या पिआचेन्सात शिरला. इटलीत दवाखाने कोणाच्या ताब्यात? प्रांत सरकारच्या. ज्या निवडणुकीत सगळी चर्चा रोमची आणि परदेशी लोकांची झाली, त्या निवडणुकीत लोकांनी खरे म्हणजे आपले दवाखाने कोणाच्या हाती द्यायचे, हे ठरवले होते. ते त्यांना महिन्याभराने कळले.

आता मी माझीच चूक सांगतो. महाडची मागची नगरपालिका निवडणूक झाली २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये. नोटबंदी नुकतीच झाली होती. दिवसभर बँकेच्या रांगेत आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. मी मत दिले ते दिल्लीकडे बघून. कोणाला रोखायचे, एवढेच मनात होते. माझ्या प्रभागातला उमेदवार काय करतो, काय करणार आहे, हे मी त्याला विचारले नाही. शिकलेला माणूस, आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेला, मी एक प्रश्न विचारला नाही.

२४ ऑगस्ट २०२० ला संध्याकाळी काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत कोसळली. जुनी इमारत नव्हती ती. १६ माणसे गेली. रात्री मी तिथे उभा होतो, तुमच्यातले बरेच जण होते. कोणी सिमेंटचे तुकडे हाताने उपसत होते, कोणी पाणी वाटत होते, त्यात कोण कोणत्या धर्माचा हे कोणी विचारत नव्हते. दुसऱ्या दिवशी चार वर्षांचे एक पोर जिवंत बाहेर निघाले, तेव्हा सगळ्या गर्दीने आवाज केला. दोष कोणाचा, ते न्यायालय ठरवेल. मी स्वतःला विचारत होतो ते वेगळे. इमारतीला परवानगी देणे, बांधकाम तपासणे, हे काम पंतप्रधानांचे नाही. मुख्यमंत्र्यांचेही नाही. ते नगरपालिकेच्या कामांत मोडते. आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मी दिल्लीबद्दल मत देऊन आलो होतो.

आज संविधान दिन आहे, म्हणून सांगतो. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. तिच्यासोबत संविधानाला बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यात नगरपालिकांकडे सोपवायचे १८ विषय आहेत. नगररचना, बांधकामांचे नियमन, रस्ते, पाणीपुरवठा, साफसफाई, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, दफनभूमी आणि स्मशाने. कब्रस्तानाच्या भिंतीसाठी आपण आमदाराच्या, खासदाराच्या मागे फिरतो. संविधानाने तो विषय आपल्या गल्लीतल्या सदस्याच्या यादीत घातला आहे.

तीन दारे लक्षात ठेवा. मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून रुंद होतो आहे, ते दार दिल्लीचे. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही तेच झाले. दरडग्रस्त गावांचे पुनर्वसन, सावित्रीतला गाळ काढणे, पुराची पूर्वसूचना, ही कामे मुख्यतः राज्याच्या दाराशी जातात. आणि गटार, कचरा, पाणी, इमारत, बाजारपेठेत पाणी शिरल्यावर दुसऱ्या दिवशीचा चिखल, हे दार नगरपालिकेचे. आपण तीनही वेळा एकाच दारावर थाप मारतो, आणि आत कोणी नाही म्हणून परत येतो.

आता थोडे आपल्या समाजाबद्दल. राग मानू नका.

आपल्या मोहल्ल्यात निवडणुकीचा निर्णय कसा होतो? आदल्या रात्री चार वडीलधारी माणसे बसतात. एकच प्रश्न असतो, कोण येऊ नये? मग त्याला हरवू शकेल असा कोण? संपले. या हिशोबामागे भीती आहे आणि ती भीती हवेतून आलेली नाही, हे मला मान्य आहे. मागच्या विधानसभेला कोणत्या घोषणा झाल्या, आपल्या मताला 'व्होट जिहाद' असे नाव कसे दिले गेले, हे आपण ऐकले. ज्याच्या दारावरची घंटी कॅमेऱ्यासमोर वाजते, त्याला गटाराचा प्रश्न सुचत नाही. हे खरे आहे.

पण याचा परिणाम काय होतो तेही पाहा. एका बाजूला वाटते, यांची मते आपल्याला मिळणारच नाहीत, मग यांच्या गल्लीत जायचे कशाला? दुसऱ्या बाजूला वाटते, यांची मते कुठे जाणार आहेत, मग यांच्या गल्लीत जायचे कशाला? दोन्हींकडून गल्ली कोरडीच. पावसाळ्यात तेवढी ओली.

आणि त्या चार माणसांत बाई नसते. पाणी भरते कोण? कचरा टाकायला कुठे जायचे, हे रोज ठरवते कोण? इमारतीच्या भिंतीला चीर गेली, हे सगळ्यात आधी पाहते कोण? जिला माहीत आहे तिला विचारायचे नाही आणि ज्याला टीव्हीवरचे माहीत आहे त्याने ठरवायचे, हा कुठला न्याय?

कोकणाने नेहमी धर्म विचारून मत दिले, असेही नाही. बॅरिस्टर अंतुले आंबेतचे. श्रीवर्धनच्या मतदारांनी त्यांना विधानसभेत पाठवले, १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले, महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. पुढे कुलाबा मतदारसंघाने त्यांना चार वेळा लोकसभेत पाठवले. ही मते एकट्या मुसलमानांची होती का? आजच्या विधानसभेत २८८ पैकी १० आमदार मुस्लिम आहेत. संख्या वाढावी असे मलाही वाटते. पण नुसत्या संख्येने काही होत नाही. शेजाऱ्याच्या आणि आपल्या दारात एकच गटार वाहते, हे दोघांनी मिळून बोलायला हवे.

हे महाडच्या मातीतच आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तसा ठराव केला. नगरपालिकेचा ठराव, म्हणजे अगदी खालच्या पायरीचा कागद. पण तो कागद हातात होता म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले. त्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने दबावाखाली तो ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरवायची, तर मंडपाला जागा कोणी देईना. तेव्हा आपल्या महाडच्या फत्तेखान यांनी आपली जागा दिली. त्या जागेवर २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा दावा शेवटी १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जिंकला गेला.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. एक, नगरपालिकेचा ठराव छोटा नसतो. तो केला तरी देश बदलतो आणि फिरवला तरी देशाला कळते. दुसरी, फत्तेखान यांनी दिल्लीत काय चालले आहे ते पाहून जागा दिली नाही. शेजाऱ्याला जागा हवी होती, आपल्याकडे होती, दिली. त्या जागेवर जे घडले ते सगळ्या देशाचे झाले.

मात्र ही खालची पायरीच काढून घेतली तर? गेली तीन-चार वर्षे तेच झाले. संविधान म्हणते, नगरपालिका आणि पंचायतींची मुदत पाच वर्षे, त्यापुढे नाही. ओबीसी आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या वादात राज्यभर निवडणुका अडकल्या. नगरपालिका, जिल्हा परिषद, सगळीकडे प्रशासक. स्थानिक संस्थांत निवडून आलेले सदस्यच नाहीत म्हणून विधान परिषदेच्या त्या जागाही रिकाम्या राहिल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली, तेव्हा कुठे २ डिसेंबर उगवतो आहे. प्रशासक वाईट माणूस असतो असे मी म्हणत नाही. पण त्याची बदली होते. त्याच्या दारात जाऊन 'पुढच्या वेळी बघतो तुला' असे म्हणता येत नाही.

आता 'एक देश, एक निवडणूक' अशी चर्चा आहे. कोविंद समितीने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला, डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत विधेयक आले आणि ते संयुक्त समितीकडे गेले. लोकसभा आणि विधानसभा एकत्र, आणि त्यानंतर १०० दिवसांत नगरपालिका-पंचायती, अशी त्या समितीची शिफारस आहे. खर्च वाचेल, आचारसंहितेत अडकणारी कामे होतील, हे त्यांचे म्हणणे विचार करण्यासारखे आहे. मी केंद्राध्यक्ष होतो, मला त्या खर्चाची आणि धावपळीची कल्पना आहे. पण माझी भीती अशी, की दिल्लीच्या वाऱ्यात शंभर दिवसांत गल्लीचा आवाज ऐकू येणार नाही. आज निवडणुका वेगवेगळ्या आहेत तरी मी २०१६ ला चुकलो. एकत्र झाल्या तर चुकायला निमित्तच नको.

मग करायचे काय? तीनच गोष्टी सांगतो.

पहिली. २ डिसेंबरपर्यंत जो उमेदवार दारात येईल, त्याला बसवा, चहा द्या आणि तीन प्रश्न विचारा. माझ्या प्रभागातल्या धोकादायक इमारतींची यादी कुठे पाहायला मिळेल? पुराचे पाणी शिरले तर पहिल्या दिवशी तुम्ही कुठे असाल? कब्रस्तान, स्मशान आणि गटार यांसाठी पहिल्या वर्षी काय मांडाल? सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना हेच तीन प्रश्न. उत्तरे घरातल्या बायकांनी लिहून ठेवावीत. पाच वर्षांनी तो कागद काढायचा आहे.

दुसरी. यादीत नाव आणि केंद्र आजच पाहून घ्या, आणि यंत्रावर नाव, चिन्ह नीट वाचा. मास्तराची सवय म्हणून सांगतो. २०१४ ला रायगड लोकसभेचा निकाल २,११० मतांनी लागला आणि हरलेल्या उमेदवाराच्या नावाच्याच एका अपक्षाला ९,८४९ मते पडली होती. एवढ्याने दिल्लीतला खासदार बदलतो.

तिसरी. देशाच्या प्रश्नावर मत देऊ नका, असे मी म्हणत नाही. द्या. संविधान, शांतता, समान नागरिकत्व यांवर कोण काय बोलतो, हे नगराध्यक्ष निवडतानाही पाहायलाच हवे. वडील पोलादपूरला जाऊन उभे राहिले तो देशाचाच प्रश्न होता. फक्त तो प्रश्न आपण निवडलेला असावा. दुसऱ्याने घंटी वाजवून आपल्या दारात टाकलेला नसावा. आणि त्याच्यासोबत आपल्या गल्लीचा प्रश्नही त्या मतात असावा.

त्या वाडीवरची आजी आता नसेल. असती तर आज तिला सांगितले असते, आजी, तुझे मत तालुक्याला जाते, तिथून मुंबईला, दिल्लीला जाते. तिथले लोक त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावतात. पण त्याआधी ते इथेच राहते. तुझ्या वाडीच्या वाटेत, शाळेच्या छपरात, डोंगराच्या उतारावर. इथे त्याचे काय झाले, हे विचारायला तूच परत यायला हवे. मत देऊन घरी गेलीस तर ते फक्त दिल्लीचेच होते.

२ डिसेंबरला भेटू.